लेकरू घरी आणलंत, आता एवढं करा

दिवाळी आटोपली की उमरखेड तालुक्यातल्या तांड्या-वाड्यांवरून ऊसतोडीची माणसं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्चही झालेली असते, त्यामुळे जाणं टळत नाही. साखर कारखाना आपल्या पोफळीलाही आहे, तरी ही माणसं ऊस तोडतात तो पश्चिम महाराष्ट्रात, नाही तर कर्नाटकात. मागे घरी उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. पाडव्यापर्यंत मग आजीच माय आणि आजीच बाप.

हा झाला सहा महिन्यांचा सांभाळ. कायमचा सांभाळ करणारी घरंही आपल्याकडे कमी नाहीत. कुठे बापाने कर्जापायी जीव दिला, कुठे कोरोनात दोघंही गेले, कुठे मोटारसायकलचा अपघात झाला, कुठे आईचं दुसरं लग्न लागलं आणि लेकरू मागे राहिलं. तेरवीच्या दिवशी मामा किंवा काका म्हणतो, "राहू द्या आमच्याकडे, आमच्या दोघांत तिसरं." एवढ्या एका वाक्यावर सगळं ठरतं. दुसऱ्या दिवशी एका पिशवीत दोन ड्रेस आणि दप्तर घेऊन लेकरू नव्या घरी.

ही आपली रीत चांगलीच आहे. आईबाप नसलेलं मूल शक्यतो नात्यातच वाढावं, संस्था हा शेवटचा उपाय असावा, असं संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलं. आपल्याकडे ते कुणी लिहून देण्याची वाट पाहिली नाही. भीमाबाई गेल्या तेव्हा लहानगा भीम पाच-सहा वर्षांचा होता. त्याला आणि त्याच्या भावंडांना जेवूखाऊ घालून मोठं केलं ते आत्या मीराबाईंनी. बाबासाहेबांचं चरित्र सांगताना या आत्याचं नाव आपण घाईत उरकतो.

मला बोलायचं आहे ते अशाच आत्यांशी, आज्यांशी, मामा-काकांशी. पहिलटकरणीला सल्ला द्यायला अख्खी गल्ली असते. पासष्टीच्या आजीच्या पदरात अचानक दोन नातवंडं पडतात तेव्हा मात्र तिला कुणी काही सांगत नाही. लोक म्हणतात, "पुण्य लागेल माय तुले." पुण्य लागेल तेव्हा लागेल, पण शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही कुणी करायची, हे आज कोण सांगणार? माझं म्हणणं इतकंच आहे: मूल सांभाळायला रक्ताचं नातं पुरत नाही. लेकराशी खरं बोलावं लागतं, त्याचे कागद जमवावे लागतात आणि मदत तोंड उघडून मागावी लागते.

आधी खरं बोलण्याचं. बहुतेक घरांत लेकराला सांगतात, आई कामाला गेली, बाबा मुंबईला आहेत. हेतू चांगला असतो. पण पाच-सहा वर्षांच्या पोराला मरण म्हणजे काय हे नीट कळत नसलं, तरी मोठी माणसं आपल्यापासून काहीतरी दडवत आहेत एवढं बरोबर कळतं. मग ते दाराकडे बघत बसतं, नाही तर काहीच विचारेनासं होतं. त्याला सोप्या शब्दांत सांगा: आई वारली, आता ती परत येणार नाही, तू इथे माझ्याजवळ राहशील. देवाघरी गेली असं म्हणायलाही हरकत नाही, फक्त पुढे "परत येत नाहीत" हे जोडा. ते हाच प्रश्न दहा वेळा विचारेल. दहाही वेळा तेच उत्तर द्या, चिडू नका. लहान मूल तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारूनच समजून घेतं.

बापाने आत्महत्या केली असेल तर ते सांगणं सगळ्यांत अवघड, आणि यवतमाळ जिल्ह्यात हे टाळून चालत नाही. घरच्यांनी नाही सांगितलं तर शाळेत डबा खाताना दुसरं पोरगं सांगतं, तेही टोमणा म्हणून. मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर विश्वासातल्या एकाच माणसाने बाजूला बसवून सांगावं: बाबांना खूप त्रास होता, त्यांना मार्ग दिसला नाही, त्यांनी स्वतःचा जीव घेतला. कसा, कुठे, कशाने, या तपशिलात शिरायचं नाही. आणि एक वाक्य न विसरता बोलायचं: त्यात तुझी काहीही चूक नव्हती. "मी वहीसाठी पैसे मागितले, म्हणून बाबांनी असं केलं," असं मनात धरून बसलेली पोरं असतात. ती ते कुणाला बोलून दाखवत नाहीत.

मेलेल्या माणसाबद्दल लेकरासमोर वाईट बोलू नका. "बापासारखाच निघाला दारूडा" किंवा "तुझी माय तुला टाकून गेली" हे आपण रागात बोलून जातो आणि संध्याकाळपर्यंत विसरतोही. लेकरू विसरत नाही. आईने दुसरं लग्न केलं असेल तर तिच्याकडून फोन येऊ द्या, राखीला-दिवाळीला भेट होऊ द्या. सासरच्या आणि माहेरच्या मंडळींचं आपसात काय असेल ते असो, त्या पोराला आई एकच आहे.

नव्या घरात आलेलं लेकरू पहिले काही महिने दोनपैकी एक वागतं. एक तर फार शहाण्यासारखं, न सांगता भांडी घासणारं, मागून भाकर न घेणारं. नाही तर एकदम हट्टी, मारकुटं, रात्री अंथरूण ओलं करणारं. दुसऱ्या प्रकाराची तक्रार सगळे करतात. मला जास्त काळजी पहिल्या प्रकाराची वाटते. जे पोरगं पाहुण्यासारखं वागतं, ते मनात धरून असतं की आपण नीट वागलो नाही तर इथूनही हाकलतील. त्याला जेवताना विचारत बसू नका, ताटात वाढून मोकळं व्हा. रागवायची वेळ आली तर स्वतःच्या पोराला रागवता तितकंच रागवा. "याला रागवायचं कसं, बिन आईचं आहे" म्हणत लाडावून ठेवणं आणि "उपकाराची जाण नाही" म्हणत मारणं, दोन्हींत त्याला परकेपणाच दिसतो. अंथरूण ओलं करतं म्हणून चारचौघांत लाजवू नका, गादीवर प्लॅस्टिक घाला आणि तुम्ही झोपण्याआधी त्याला एकदा उठवून लघवीला पाठवा. सहसा काही महिन्यांत थांबतं. थांबलं नाही तर दवाखान्यात दाखवा.

पोटच्या पोरांचंही ऐका. मामाच्या घरी भाचा आला की मामाच्या मुलाची खाट वाटली जाते, मोबाईल वाटला जातो, आईचा वेळ वाटला जातो. त्याने कुरकुर केली तर तो वाईट नाही. त्याला वेगळं घेऊन बसा. आणि दिवाळीचे कपडे आणताना एकाच दुकानातून, एकाच भावाचे आणा. ही गोष्ट बाहेरून बारीक दिसते. त्या घरात वाढलेल्या माणसाला चाळिशीतही विचारा, कुणाचा शर्ट कितीचा होता हे तो सांगेल.

मोठं पोर एकटं एकटं राहायला लागलं, जेवण तुटलं, "मलाही बाबांकडे जायचं आहे" असं बोललं, तर ते नाटक समजू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. गावातल्या आशाताईंनाही सांगा. शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्याच्या आरोग्य विभागाने ज्या जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आणला, त्यांत आपला जिल्हा आहे. आशाताईंना हा विषय नवा नाही.

आता कागद. इथे माझा सूर जरा कडक होईल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

मूल तुमच्या घरी दहा वर्षं राहिलं तरी कागदावर तुम्ही त्याचे कुणी नसता. हिंदू कायद्याप्रमाणे, आणि त्यात बौद्ध, जैन, शीखही आले, मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे बाप आणि त्याच्यानंतर आई. आजी, मामा, काका त्यात नाहीत. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एक प्लॅस्टिकची फाईल करा. आईबापांचे मृत्यूचे दाखले, मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सगळं त्यात. मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढून ठेवा, प्रत्येक कार्यालय एक मागतं. मुलाचं नाव तुमच्या रेशनकार्डात चढवा. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारला बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते राहिलं की ऐन परीक्षेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या वेळी अडतं.

बाप शेतकरी असेल तर सातबारा बघा. वारसाची नोंद तीन महिन्यांच्या आत करायला सांगितलेलं असतं. आपण वर्षानुवर्षं करत नाही आणि मग जमीन मेलेल्या माणसाच्याच नावावर राहते. यासाठीच २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. अर्ज तलाठ्याकडे द्या, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फेरफार झाला की सातबाऱ्यावर मुलाचं नाव येतं आणि त्यापुढे लिहिलेलं असतं अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आणि मग तुमचं नाव. ही तीन अक्षरं नीट वाचा. त्यांचा अर्थ जमीन तुमची झाली असा नाही. मूल अज्ञान आहे, तुम्ही फक्त त्याच्या वतीने बघणार आहात, इतकाच. ती तुम्ही कसा, पिकवा, हळद लावा, कापूस लावा. विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. नुसता सांभाळ करतो म्हणून काकाला तसा अधिकार कायद्याने दिलेला नाही. खरंच गरज पडली तर जिल्हा न्यायालयातून पालक नेमून घ्यावं लागतं आणि विक्रीची परवानगीही तिथूनच लागते. "पोरीला कशाला जमीन, तिच्या लग्नाला आपणच खर्च करणार" म्हणून नाव गाळणारेही आहेत. मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. ती उद्या सज्ञान होईल आणि कोर्टात जाईल, तेव्हा गावाने तिला नावं ठेवू नयेत.

शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र ठरलं तर शासन १ लाख रुपये देतं. त्यातले ३० हजार हातात येतात आणि ७० हजार ठेवीत राहतात. कोरोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने ५ लाखांची ठेव केली आणि केंद्राच्या योजनेत तेविसाव्या वर्षी १० लाख मिळतात. अशा ठेवींवरून आजोळ आणि वडिलांकडचे यांच्यात फाटल्याची उदाहरणं सगळ्यांनी पाहिली आहेत. तुमच्याकडे पोर असेल तर एक साधी वही ठेवा: किती आले, कशावर गेले. पोर मोठं झाल्यावर ती वही त्याच्या हातात द्या. कुणी बोट दाखवणार नाही.

दर महिन्याच्या खर्चाला दोन मुख्य आधार आहेत. एक राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. २०२३ मध्ये तिची रक्कम महिना ११०० वरून २२५० रुपये झाली. आईबाप दोन्ही नसलेल्या मुलांसाठी तर ती आहेच, पण एकच पालक उरला आहे किंवा आजारपणामुळे पालक सांभाळू शकत नाहीत, अशा मुलांनाही ती लागू होते. दुसरा आधार केंद्राच्या मिशन वात्सल्यचा, महिना ४००० रुपये. नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलं त्यात स्पष्टपणे धरली आहेत. खेड्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत आणि शहरी भागात ९६ हजारांच्या आत लागतं. तुमच्या मुलाला कोणती बसते हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा, सायबर कॅफेवाल्याला नको. अर्जाला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि घरासमोर पालकाने मुलासोबत काढलेला फोटोही लागतो. तो फोटो सेतू केंद्रात गेल्यावर आठवतो आणि मग एक चक्कर वाया जाते.

बालसंगोपनाचा आदेश देते बालकल्याण समिती, आणि ती बसते यवतमाळला. उमरखेडहून यवतमाळ म्हणजे शंभरेक किलोमीटर. ढाणकी-बिटरगावच्या आतल्या गावातून निघालं तर सकाळी निघालेला माणूस रात्रीच घरी. एका आजीला यात बसभाडं गेलं, मजुरी गेली, आणि साहेब नसले तर पुन्हा जाणं आलं. यासाठी एकेकट्याने जाऊ नका. गावात अशी चार-पाच घरं असतीलच. सगळ्यांच्या फायली एका दिवशी तयार करा, एका शिकलेल्या पोराला सोबत घ्या, आधी फोन करून जा. अर्ज दिल्यावर पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. पैसे मंजूर झाले तरी दर महिन्याच्या पाच तारखेला येतील असं धरून उधारी करू नका. अनुदान कधी कधी महिनोन्‌महिने रखडतं. हे योग्य नाही आणि त्याबद्दल आवाज केलाच पाहिजे, पण घरखर्च त्यावर टांगून ठेवू नका.

दोन्ही पालक वारलेल्या मुलासाठी आणखी एक कागद काढाच: अनाथ प्रमाणपत्र. शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण राज्याने २०१८ मध्ये दिलं. संस्थेत न राहता नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलांनाही पुढे त्यात जागा केली. कितीतरी घरांना वाटतं, अनाथ म्हणजे अनाथाश्रमातलं पोर, आमचं काय अनाथ आहे? या मानापायी पोराचा हक्क बुडतो. हे प्रमाणपत्र मूल अठराचं व्हायच्या आधीच मागा, नंतर पुरावे गोळा करणं जड जातं.

स्टॅम्प पेपरवर दत्तक घेणं-देणं करू नका. वकिलाच्या टपरीवर पाचशे रुपयांत लिहून मिळतं, उपयोग शून्य आणि धोका मोठा. नात्यातलं मूल दत्तक घ्यायची कायदेशीर वाट आहे. बाल न्याय कायद्यात काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा यांना नातेवाईक म्हणून धरलं आहे, आणि २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. बाल संरक्षण कक्षात विचारलं की वाट दाखवतात.

मुलींबद्दल वेगळं लिहावं लागतं. नातेवाइकांकडे वाढणारी मुलगी चौदा-पंधराची झाली की घरातले म्हणतात, "एकदाचे हात पिवळे करू, जबाबदारीतून मोकळे." थकलेल्या आजीच्या तोंडून हे येतं तेव्हा तिची भीतीही समजते: मी डोळे मिटले तर हिचं काय? पण अठराच्या आत लग्न लावणं हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि पंधराव्या वर्षी सासरी गेलेल्या मुलीचं काय होतं हे आपल्या दवाखान्यांतल्या नर्सेसना विचारा. ग्रामसेवक हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. असं लग्न ठरताना दिसलं तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा, तुमचं नाव बाहेर येत नाही. आणखी एक नाजूक गोष्ट. मुलगी असो वा मुलगा, घरात किंवा शेजारी कुणाजवळ ते एकटं थांबायला टाळत असेल, तर "मोठ्या माणसावर आळ घेतेस?" म्हणून गप्प करू नका. आधी ऐकून घ्या. त्याच्या मागे उभं राहणारं तुमच्याशिवाय कुणी नाही.

आजी, आता तुमच्याबद्दल. तुमचं स्वतःचं लेकरू गेलं आहे. त्याचं दुःख करायला तुम्हाला सवड मिळाली नाही, कारण दुसऱ्याच दिवशी नातवाला शाळेत धाडायचं होतं. त्याच्यासमोर रडलात तर बिघडत नाही, उलट त्याला कळतं की रडायची मोकळीक आहे. पण बीपीची गोळी चुकवू नका. वय पासष्टच्या पुढे आणि उत्पन्न कमी असेल तर श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये तुमच्या हक्काचे आहेत, ते सुरू आहेत का बघा. आठवड्यातून एक दुपार पोराला आत्याकडे पाठवा आणि झोपा. आणि एक प्रश्न आजच सोडवून ठेवा: तुमच्यानंतर कोण? मुलाला, त्या माणसाला आणि बाल संरक्षण कक्षाला, तिघांनाही ते नाव माहीत असू द्या. हा विषय अभद्र वाटतो म्हणून लोक टाळतात आणि दुसऱ्यांदा पोर तेरवीच्या मांडवात उभं राहतं.

उरलेल्या गावालाही काही सांगायचं आहे. गुरुजी, पालकसभेला "आईवडिलांना घेऊन ये" असं वर्गात मोठ्याने म्हणू नका, "घरच्यांना" म्हणा. सही आजीचा अंगठा असेल तर तो चालवून घ्या. तोडीला जाणाऱ्यांनी निघायच्या आधी शाळेत सांगून जावं की पोर कुणाकडे आहे आणि फोन नंबर कोणता. पोराला सोबत नेणारच असाल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. सरपंच, ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष तुम्ही आहात आणि अंगणवाडीताई तिच्या सचिव. बहुतेक गावांत ही समिती फक्त कागदावर बसते. पुढच्या बैठकीत एकच काम करा: आपल्या गावात आईबापांविना, नातेवाइकांकडे राहणारी मुलं किती आणि त्यांतल्या किती जणांना बालसंगोपन मिळतं, एवढं लिहून काढा.

आणि ज्यांच्या घरात असं लेकरू आज आहे, त्यांनी येत्या सोमवारी अंगणवाडीताईंना गाठावं, तालुक्याला आलात तर पंचायत समितीच्या आवारात बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं कार्यालय विचारावं आणि फाईल सोबत न्यावी. फाईल नसेल तरी चालेल, रिकाम्या हाताने जा, पण जा.